गच्चीवरचा धरणी-संवाद

२० सप्टेंबर, शनिवार
सर्टिफिकेट आलं. ‘पृथ्वी-साधना व वनस्पती-उपचार शिक्षक’. बारा तासांचा ऑनलाइन कोर्स, मी नऊ तासांत संपवला. रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं पर्चेस सांभाळलेला माणूस आता थेट पृथ्वीशी बोलणार. अख्ख्या डोंबिवलीत असं कोणी नाही.

बायकोला दाखवलं. प्रमोदिनी म्हणाली, हात ओले आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार
वर्गाचं नाव: धरणी-संवाद. जागा: सोसायटीची गच्ची. विद्यार्थी सहा. त्यातले खरे दोन: दुसऱ्या मजल्यावरचा मितेश (आयटी, कायम सर्दी) आणि बँकेतली संचिता. उद्या घटस्थापना. प्रत्येकाने गच्चीवरच घट बसवायचा, रोज अंकुरांशी बोलायचं, दसऱ्याला त्याच अंकुरांनी उपचार.

संचिताची मावशी कोलशेतच्या महिला मंडळाची अध्यक्ष. नवमीला आमचे घट बघायला येणार. पसंत पडले तर तिथे चाळीस जणींचा वर्ग, वर्षभर. पसंत पडणारच.

२२ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ६
बी आणायचं राहिलं. पण पृथ्वी सोय करते. स्वयंपाकघरात परातभर ज्वारी, गहू, मूग, उडीद, सगळं एकत्र तयार. खमंग वास. मातीचा मूळ गंध हाच असावा. सगळ्यांना वाटून टाकलं.

दुपारी १
प्रमोदिनी परात शोधत होती. थालीपिठाच्या भाजणीसाठी तिने ते काल भाजून ठेवलेलं. भाजलेलं उगवत नाही म्हणते. फार संकुचित विचार. साध्या बीने फक्त ऊन पाहिलेलं असतं, याने अग्नी पाहिलाय. विद्यार्थ्यांना अजून सांगितलं नाही. विषय पुढच्या इयत्तेचा आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार
अंकुर नाहीत. मुळं आधी खोल जातात.

मितेशच्या सर्दीवर अडुळसा. पान तोडण्याआधी कंपाउंडजवळच्या झाडाची परवानगी मागितली. हात जोडून आठ मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला पान हललं. वॉचमन म्हणतो, तळमजल्यावरच्यांचा एक्झॉस्ट फॅन आहे. मितेश बरा झाला. त्याने गोळीपण घेतलेली, पण ती नंतर.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
अंकुर नाहीत. संचिताच्या घटाला मुंग्या लागल्या. म्हणजे सजीवसृष्टीने स्वीकार केला. मितेश म्हणतो, घटासमोर ध्यानाला बसलं की भूक लागते. अन्नपूर्णा जागृत झाल्याची खूण.

शिवाय यंदा नवरात्र दहा दिवसांचं. पृथ्वीने मला एक दिवस जादा दिलाय.

२८ सप्टेंबर, रविवार
गेटबाहेर भाजी विकणाऱ्या हौसाबाई मुरबाडकडच्या. त्यांच्या घरचा घट वीतभर वाढलाय, मोबाइलवर फोटो दाखवत होत्या. मी समजावलं की उंची ही बाहेरची गोष्ट. त्यांनी विचारलं, बी कोनतं घातलं दादा? मी घाईत होतो.

माझे सहाही विद्यार्थी त्यांच्यापाशी अर्धा तास उभे. माती, पाणी, कुठल्या पानाने जुलाब थांबतात, काय काय विचारत होते. मी परवानगी दिलेली.

संकल्प: उद्यापासून पहाटे चारला उठून घटासमोर बसणार.

२९ सप्टेंबर, सोमवार
साडेआठला उठलो. चारला पृथ्वीच झोपलेली असते.

३० सप्टेंबर, मंगळवार, सकाळी ८:४०
झालं! माझ्या घटात वीतभर हिरवंगार रान. एका रात्रीत! मला रडू आलं. प्रमोदिनीला हाक मारून दाखवलं. तिने बघितलं आणि छान म्हणाली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, हा शब्द माझ्या वाट्याला पहिल्यांदा आला.

बाकीच्यांचे घट अजून उघडेबोडके. त्यांची तयारी कमी पडली, प्रेमाने सांगेन. कोलशेतला दोन बॅचेस कराव्या लागतील. फेटा बांधावा का?

१ ऑक्टोबर, बुधवार, नवमी
मावशी आल्या. सहा घटांत चिखल, माझ्यात जंगल. अग्नी पाहिलेल्या बीवर वीस मिनिटं बोललो. भाजणीचंही सांगून टाकलं, आता लपवायचं काय. मावशींनी कौतुकाने अंकुरांना हात लावला. अख्खं जंगल उचलून हातात आलं, चौकोनी. खाली प्लास्टिकचा ट्रे. ट्रेवर स्टेशनजवळच्या रसवाल्याचं लेबल: गव्हांकुर.

आधी मितेश हसला. मग मावशी. संचिता तर खालीच बसली.

संध्याकाळी मितेशने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव बदलून ‘भाजणी’ केलं. कोलशेतला हौसाबाईंना बोलावलंय, रानभाज्या ओळखायला शिकवतील म्हणे. 

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
ट्रे कोणी ठेवला हे ध्यानात शोधलं. नाही सापडलं. मग प्रमोदिनीला विचारलं. तिनेच. सोमवारी भाजीला गेलेली तेव्हा आणला.

मला भरून आलं. इतकी वर्षं मला वाटायचं हिला माझी किंमत नाही, आणि हिने माझी लाज राखायला एवढं केलं. तसं तिला बोलून दाखवलं. ती पुऱ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्ही रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा दहा दिवस हे स्वयंपाकघर माझं एकटीचं होतं. कोलशेतचं जमलं असतं, तर वर्षभर मिळालं असतं.”

बाहेर येऊन बसलो. मग आत जाऊन सांगितलं, तेल फार तापलंय, गॅस बारीक कर.