टेबलाची लांबी आधी विचारावी

आदरणीय विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझे दोन्ही गुडघे जागेवर आहेत, डोकं तेवढं अधूनमधून जागा सोडतं, आणि हे पत्र त्याच दुखण्याबद्दल आहे. तुम्ही मुख्याध्यापिका होतात. मी चौथीतून उठले ती थेट शिलाई मशीनवर बसले, तेव्हा लाल पेन जरा लांब ठेवा. अक्षर लागलं नाही तर तिथे काहीतरी चांगलं लिहिलंय असं समजून पुढे जा.

आपली ठकी (तुमच्या लेकीची लेक आणि माझ्या लेकाची, नात अर्धी-अर्धी, तिचा राग मात्र सगळा माझ्या वाट्याला) नोकरीसाठी माझ्याकडे राहते. ती करते काय, हे मला बरेच महिने कळलं नव्हतं. शेजारणींना मी "कंप्युटरमध्ये आहे" एवढं सांगून विषय बदलायची. शेवटी तिनेच आमच्या जेवणाच्या टेबलावरून समजावलं. टेबल एकच. त्यावर ती काम करते, मी कापड बेतते. एकीची पाळी संपली की तिचा पसारा जसाच्या तसा ट्रेमध्ये उचलायचा, पाळी परत आली की जसाच्या तसा मांडायचा. "आजी, ऑपरेटिंग सिस्टिम हेच करते. यंत्राच्या हाताखालच्या जागेला रजिस्टर म्हणतात. कितीतरी कामं तिथे आळीपाळीने बसतात, आणि प्रत्येकाला वाटतं टेबल आपलंच." आता नवी यंत्रं अशी निघालीत की आकड्यांची आख्खी रांग एका दमात उरकतात, आणि त्या रांगेचं टेबल एका यंत्रात आखूड, दुसऱ्यात लांब. काम मात्र दोन्हींवर चाललं पाहिजे. म्हणून पसारा उचलण्याआधी यंत्राला विचारायचं, बाबा रे, तुझी लांबी किती, आणि तेवढा ट्रे घ्यायचा. मनाने धरून चालायचं नाही. "एवढंच?" मी म्हणाले. "एवढ्यासाठी तुला पगार देतात?" (हे वाक्य आता मला रोज परत ऐकवलं जातं.)

तर परवा तिचं नवं यंत्र कोसळलं. कोसळताना रजिस्टरमधले आकडे स्क्रीनवर दाखवून त्याने मान टाकली. ठकीने ते घाईघाईने जाड कागदाच्या पट्ट्यांवर उतरवले आणि टेबलावर ओळीने मांडले. रांग मोठी, म्हणून बाजूची फळी ओढून टेबल लांब केलं. (हे ओढायचं टेबल लग्नात तुम्हीच दिलंत, त्यामुळे थोडा दोष तुमच्याकडेही येतो.) चूक हिने लिहिलेल्या, पसारा उचलायच्या-मांडायच्या कोडात आहे की यंत्रात, ते तिला ऑफिसातल्या साहेबीणबाईंना सांगायचं होतं. तिची निघाली तर काम दुसऱ्याकडे जाणार.

ती फोन घेऊन बाहेर गेली आणि कोपऱ्यावरची पार्लरवाली पडद्याचं कापड घेऊन आली. पडदा आजच शिवून हवा म्हणून हटूनच बसली. मी ट्रे घेतला. आमचा ट्रे टेबलाएवढा, म्हणजे रोजच्या टेबलाएवढा. एकेक पट्टी क्रमाने उचलली, ट्रे भरला, आणि ट्रे भरला म्हणजे पट्ट्या संपल्या, असं माझं मीच ठरवलं. मान वळवून फळीकडे बघितलं असतं तर झिजले असते का? पण मी त्या वेळी पार्लरवालीला ऑपरेटिंग सिस्टिम समजावून सांगत होते.

कापड अंथरलं ते फळीवर उरलेल्या पट्ट्यांवरच. पडदा ताठ राहावा म्हणून वरच्या कडेत बकरम घालतात. दुमड घातली, हाताला ताठ लागलं, म्हटलं वा, बकरम काय छान बसलंय! (बकरम नंतर मला कपाटात भेटलं.) शिलाई मशीन जरा कण्हली, तिला तेल पाजलं. पडदा दिला, फळी आत ढकलली, ट्रेमधल्या पट्ट्या मांडल्या आणि स्वतःची पाठ थोपटली.

ठकी परत आली. "आजी, एवढ्याच होत्या?"

"एवढ्याच. एकूण एक मांडल्यात." मी इतक्या ठामपणे सांगितलं की पोरीचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. तिने गृहीत धरलं की आपल्याच कोडाने रांगेचं शेपूट कापलं, आणि साहेबीणबाईंना फोन करून चूक कबूल केली. काम हातचं गेलं.

दुसऱ्या सकाळी पार्लरवाली दारात. "आजी, पडदा सरकवला की कुरकुरतो हो. खुर्चीतली बाई दचकते, माझी कात्री हलते."

ठकीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

मग काय, पार्लरमध्ये स्टुलावर उभी राहून मी उसवतेय, खाली ठकी ओंजळ धरून उभी. डोक्याला रंग थापून बसलेल्या एका बाईने आकडे मोठ्याने वाचूनही दाखवले, चुकीचे. रांग जुळली. ठकीचं कोड बरोबर निघालं, दोष यंत्रात होता. गोष्टींमध्ये अशा वेळी आजीच्या चुकीतून नातीला काहीतरी नवीन सुचतं. तसलं काही झालं नाही. साहेबीणबाईंनी विचारलं, इतका वेळ हे आकडे होते कुठे? ठकी म्हणाली, "साठवणुकीत घोळ झाला." काम परत मिळालं.

मला मात्र एवढंच म्हणाली, "एकदा विचारायचंस ना गं आजी! विचारायला काय पडतं तुझं?" आणि बॅग भरायला घेतली. "त्या आजीकडे वेगळी खोली आहे. खोलीला कडी आहे." म्हटलं, जा. मला काय, सगळं टेबल मिळेल. बॅग अर्धी भरून दाराशी उभी आहे, आणि मी दिवसभर तिला वळसा घालून चालते आहे.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जपा.

तुमची विहीण

ता. क. ठकीचा फोन येईल. खोली रिकामी आहे असं मुळीच सांगू नका. पाहुणे आलेत म्हणा, रंगकाम काढलंय म्हणा, मी घोरते म्हणा (घोरताच तुम्ही, पोरांच्या लग्नात सगळ्या घराने ऐकलंय). खोटं बोलणं जड गेलं तर माझ्या खात्यावर बोला.

आणखी एक. मी सुधारले आहे. आता ट्रेला हात लावण्याआधी विचारते. ती आंघोळीला गेली असली तरी दार बडवून विचारते. त्यानंतर बॅगेत दोन कपडे वाढलेले दिसले.

आणखी. कागद संपला. पत्र किती लांबणार ते आधी कोण विचारतं! म्हणून हे शेवटचं, टेबलावर हाताला लागली त्या जाड पट्टीवर लिहिते आहे. टपालाची वेळ झाली, शाई ओली आहे, उलटी करून बघता येत नाही. मागे आकडे असले तर घडी न घालता उलट टपाली पाठवा. आणि तिला सांगू नका.