एव्हरल्डचा गळा

२ मार्च, सोमवार
एव्हरल्डचा गळा कापणार. पुढच्या मंगळवारी. डॉक्टरीण म्हणाली, गाठ आवाजाच्या पेटीतच आहे, पेटी काढावीच लागेल. मी विचारलं, "मग माझ्या नवऱ्यानं बोलायचं कशानं?" अख्खं किंग्स्टन नाचवलं ह्या माणसानं माइकवर ओरडून — आणि आता हे. तोवर गाणं बंद, बजावलंय. गुणगुणलास तरी बघ म्हटलं.

४ मार्च
माझा भाऊ लेनफर्ड आला. स्पीकर, पोरं, सगळा लवाजमा घेऊन ओसाकाला निघालाय. शनिवारी हायातो नावाच्या जपान्याशी गाण्यांची झुंज आहे — दोघं आळीपाळीनं गाणी लावणार, ज्याच्यावर लोक जास्त ओरडतील तो जिंकला. दोघांनाही एव्हरल्डकडून स्पेशल हवंय — जुन्याच गाण्यात त्यांचं नाव घालून, समोरच्याला गाडला म्हणून गायचं.
"ताई, एकच कडवं."
"एक अक्षर नाही. त्याचा गळा आहे तो, तुझा भोंगा नाही."
"बरं बाई. मी बघतो काहीतरी." आणि हसला.
एव्हरल्ड खाली मान घालून भात चिवडत होता.

७ मार्च
तिकडे रात्र, इकडे सकाळ. मासे तळता तळता फोनवर झुंज बघत होते. लेनफर्डनं एव्हरल्डचं स्पेशल लावलं. आवाज हुबेहूब. पण श्वासच घेत नाही! कडवं संपलं तरी नाही. जुनी गाणी कंप्युटरला चारून बनवलेला आवाज. जपानी पोरांना लगेच कळलं. आमच्याच बोलीत ओरडायला लागली — "खोटं आहे, बंद कर!" खोटं स्पेशल लावलं की ह्या धंद्यात नाक कापलं गेलंच समजायचं.
मग हायातोनं त्याचं लावलं. खरखर. मध्ये खोकला. आणि मागून एक बाई किंचाळते, "एव्हरल्ड, गप बस, मरायचंय का तुला?"
ती मी. परवा न्हाणीघरात गुणगुणत होता म्हणून ओरडले होते. मेला आत हायातोसाठी फोनवर गात होता! लोक वेडे झाले. गाणं परत पहिल्यापासून लावलं, तर सगळा हॉल माझ्या त्या किंचाळीबरोबर ओरडतोय. मासे करपले.
"का गायलास?" विचारलं.
घोगऱ्या आवाजात म्हणाला, "लेनफर्ड म्हणाला, तू नको गाऊस, मशीन गाईल. मी अजून होतो की इथं, मर्वा."

८ मार्च
लेनफर्ड फोन उचलत नाही. नको उचलू.

१० मार्च
पेटी काढली. शुद्धीवर आला. ओठ हलले. बाकी काही नाही.
बाहेर जाऊन नर्सशी उगाच भांडले.

१४ मार्च
लेनफर्ड आला. माझ्याकडे बघेना. एव्हरल्डच्या हातात आपला फोन दिला, कुठं दाबायचं ते दाखवलं. ह्यानं बराच वेळ एका बोटानं अक्षरं शोधली. मग फोन बोलला. तोच ओसाकातला आवाज, श्वास न घेता.
"मर्वा, पंखा बंद कर, गारठलोय."
मी उठून पंखा बंद केला.