बिनचाकी सहा महिने

११ एप्रिल २०१६, सोमवार
आजपासून सहा महिने लायसन्स बंद. गुन्हा: स्वतःच्या मागच्या अंगणात बसून गांजाची एक सिगारेट. मी गाडीत नव्हतो, खुर्चीवर होतो, आणि खुर्चीला चाकं नव्हती. हे न्यायाधीशबाईंना नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, मिस्टर हुदाक, पेनसिल्व्हेनियात गांजा कुठेही ओढा, लायसन्स जातंच. कायदा मी केलेला नाही. दंड वेगळा.

संध्याकाळी दुकानाचा मालक चेस्टर, त्याला भेटलो. सतरा वर्षं मी त्याची व्हॅन घेऊन घरोघरच्या तळघरांत घर गरम ठेवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या दुरुस्त करतोय. तो म्हणाला, लेन, उन्हाळ्यात भट्टी कोण पेटवतंय, तोवर दुकानात बसून फोन घे. पण सतरा ऑक्टोबरला लायसन्स खिशात घालून ये. नाही आलास तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, मग रडू नकोस.

सहा महिने अकरा ऑक्टोबरला संपतात. वर सहा दिवस शिल्लक. गुन्हासुद्धा इतक्या सोयीच्या वेळी करणं सगळ्यांना जमत नाही.

१४ एप्रिल
वाहन खात्याचं पत्र. दोन पानं. पहिल्यावर, लायसन्सचं कार्ड पोस्टाने पाठवून द्या. दुसरं वाचलं नाही. सरकारी पत्राच्या दुसऱ्या पानावर नुसत्या धमक्या असतात.

कार्ड पाठवणार नाही. बंदी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, ती तिथे राहू दे. फोटो माझा आहे, आणि बरा आलाय. मार्लीनने विचारलं, पाठवलंस का? म्हटलं, बघतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यामुळे तिने पुढे विचारलं नाही.

१८ एप्रिल, सकाळी ६
संकल्प. दुकान साडेचार मैल. रोज चालत जायचं, चालत यायचं. ऑक्टोबरपर्यंत वीस पौंड कमी. बस नाही हे एका अर्थी बरंच, मोह नको.

१९ एप्रिल
गुडघा.

२ मे
मार्लीन पहाटे पाचला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. जाताना मला दुकानाच्या दारात सोडते. दुकान आठला उघडतं. तीन तास पायरीवर बसून विचार करतो. विचारांना वेळ मिळतच नव्हता.

वजन चार पौंड वाढलं. स्नायू असणार.

२१ जून
परतताना आमोस बेयलरने घोडागाडीत घेतलं. आमिश माणूस, मोटार चालवणं धर्मात बसत नाही. त्याला दवाखान्यात, बाजारात पैसे घेऊन सोडायचो मी. मला पूर्ण नावाने हाक मारणारा तो एकटाच. म्हणाला, आमच्या पंथात आलास की काय, लिओनार्ड? म्हटलं, सहा महिन्यांपुरता. तो म्हणाला, सहा महिन्यांचे आम्ही घेत नाही.

घोड्याला लायसन्स लागत नाही, हे मी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, घोड्याला अक्कल असते.

३१ जुलै
चर्चच्या जत्रेला गेलो. मार्लीन गाडी चालवत होती. वळणावर ब्रेक उशिरा दाबते हे मी फक्त चार वेळा सुचवलं. तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, उतर. दीड मैल चाललो. पोचलो तेव्हा पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, संपल्या होत्या. ती शेवटची प्लेट खात होती. माझ्यासाठी ठेवली नाहीस, म्हटलं. म्हणाली, ब्रेक उशिरा लागला.

२६ ऑगस्ट
घरी एकटाच. किल्ली खुंटीवर. गाडीत जाऊन बसलो, अर्धा तास रेडिओ ऐकला, उतरलो. चाक एक इंचभरही हललं नाही. साडेचार महिन्यांत एकदाही चालवलेली नाही. राज्याने माझं उदाहरण शाळांमधून द्यायला हरकत नाही.

३० सप्टेंबर
थंडी सुरू. दुकानातला फोन थांबत नाही. चेस्टर म्हणाला, सतरा तारीख, लेन. म्हटलं, अरे बाबा, मी तर अकरालाच येतोय. व्हॅन आतून पुसून ठेवली. सीट माझ्या मापाने मागे सरकवली.

११ ऑक्टोबर
मार्लीनने रजा काढली. बावीस मैलांवरच्या खात्याच्या ऑफिसात दार उघडायच्या आधी पोचलो.

काउंटरवरच्या बाईने कॉम्प्युटर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तुमचे सहा महिने अजून सुरू झालेले नाहीत. म्हटलं, मी एप्रिलपासून चालतोय. ती म्हणाली, चालला असाल, पण कार्ड आमच्याकडे पोचतं त्या दिवसापासून मोजायला लागतात. पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे, ठळक अक्षरात.

मी कार्ड पुढे केलं. ती म्हणाली, इथे घेत नाही, पोस्टाने पाठवा. आवाजात एवढी माया होती की भांडताही येईना.

परतीच्या बावीस मैलांत मार्लीनने वळणांवर ब्रेक वेळेवर लावले.

१२ ऑक्टोबर
पोस्टात चालत गेलो. पाकिटाला जास्तीचं तिकीट लावलं, लवकर पोचावं म्हणून. खिडकीतला म्हणाला, त्याने फरक पडत नाही. लावून टाकलं.

१७ ऑक्टोबर
चेस्टरने नवा माणूस घेतला. ब्रेंट, वय चोवीस. चेस्टर माझ्याकडे न बघता म्हणाला, याला भट्टी कळते, घरं कळत नाहीत. तू शेजारी बसून दाखव. थोडे दिवस.

म्हणजे बढती. चालवायचं दुसऱ्याने, डोकं माझं.

२४ ऑक्टोबर
ब्रेंट मला सर म्हणतो. त्याला सगळं सांगतोय: झेलिन्स्कीबाईंच्या जिन्यात डोकं वाकवायचं, पिवळ्या घरात आधी कुत्र्याशी बोलायचं, टेकडीवरच्या म्हाताऱ्याची भट्टी ठीक असते, त्याला फक्त कोणीतरी यायला हवं असतं. तो फोनमध्ये लिहून घेतो. म्हणाला, सर, तुम्हाला हे सगळं पाठ आहे? म्हटलं, सतरा वर्षं लागतात बाळा.

सीट त्याने पुढे सरकवली आहे. 

७ नोव्हेंबर, सकाळी ९
ब्रेंट रोज गल्लीच्या तोंडाशी मला घेतो, म्हणून सातपासून तिथे उभा होतो. साडेसातला व्हॅन समोरून गेली. ब्रेंटने हात केला. मीही केला. वाटलं, वळून येईल.

चेस्टरला फोन लावला. तो म्हणाला, लेन, आता त्याला सगळी घरं पाठ झाली रे.

तीन आठवड्यांत दोनशे घरं. शिकवलंच तसं होतं मी.