एका ठेक्यावरची आठवी जागा

४ जाने., रवि.
हावड्याला. स्टुडिओखालचा खडखडाटी लेथ-कारखाना फक्त रविवारी बंद, म्हणून आमचं रेकॉर्डिंगही रविवारीच. रेगे संगीताचा (जमैकातलं ते) ठेका अखेर जमला! ड्रम बाप्पादाचे, बास माझा. आता या एकाच ठेक्यावर आठ जण आपापलं गाणं गाणार. सात ठरलेत.
डमडमला घरी येऊन बाबांना ऐकवला. "पहिली मात्रा रिकामीच? ठोका तिसरीवर? मग सम कुठंय गं, मनू?" पुन्हा ऐकला. "एक ठेका, आठ गाणी. आमच्या भजनासारखंच की!"

७ जाने.
बाबा आंघोळ करताना गुणगुणत होते. माझ्या ठेक्यावर! भजनी मंडळ मोडल्यापासून (कुणाची बदली, कुणी रिटायर होऊन पुण्याला) त्यांचा आवाज ऐकलाच नव्हता.

११ जाने., रवि.
बाबाही आले. माकडटोपी, मफलर, पिशवीत टाळ. हुगळी ओलांडताना लाँचमध्येही तोंडातल्या तोंडात चालू.
बाप्पादा म्हणाला, "मेशोमोशाय" (बंगालीत काका), "एक बार हो जाए?" लगेच तयार. टोपीवरूनच हेडफोन. पण दर वेळी पहिल्याच मात्रेवर उडी. चार-पाचदा झालं, बाकीचे गायक हसायला लागले. आणि मी... "बाबा, ये मंदिर का भजन नहीं है. रहने दीजिए, सबका टाइम जा रहा है."
हिंदीत. सगळ्यांसमोर. मराठीत म्हटलं असतं तर निदान दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.
हेडफोन काढून नीट जागेवर ठेवला त्यांनी. "बरोबर आहे," एवढंच. येताना लाँचमध्ये टाळांची पिशवी मांडीवर धरून बसले.

१४ जाने.
संक्रांत. बाबांना तिळगूळ दिला. पुढचं 'गोड बोला' कुठल्या तोंडाने म्हणणार?

१८ जाने., रवि.
बाप्पादाला सांगितलं, आठवी जागा बाबांची. "मैं तो पहले ही बोला था." घरी येऊन विचारलं.
"घसा बसलाय."
कसला बसलाय! सकाळीच दूधवाल्याशी खणखणीत वाद घातला.

२५ जाने., रवि.
शेवटची तारीख. पुन्हा विचारलं, माफी मागून. "अगं, मी रागावलो नाहीये. पण आता नको." रागावले असते तर बरं झालं असतं.
बाप्पादा म्हणे दुसरा कुणी घेऊ. नाही घेतला. आठवा ट्रॅक नुसता ठेका. लोकांना वाटेल मुद्दाम ठेवलाय, अशा रेकॉर्डवर असतोच एक तसा. मूर्ख आहे मी.

१ फेब्रु., रवि.
अल्बम निघाला. सकाळी बाबांच्या मोबाइलवर टाकला. "वा," म्हणाले, आणि पेपर उघडला.
दुपारी मी चहा घेऊन गेले तर खोलीचं दार लोटलेलं. आत आठवा ट्रॅक चालू, आणि टाळ. हलके. पहिली मात्रा सोडून थेट तिसरीवर, दर वेळी बरोब्बर. कधी बसवलं यांनी? गाणं मात्र नाही. गळ्यातून एक अक्षर नाही.
ट्रॅक संपला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावला.
चहा हातात घेऊन मी बाहेरच. आत गेले तर थांबतील.