दस्तीखालचा सौदा

रिसोड, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय साधना,

शुक्रवार, २४ ऑक्टोबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तू मला म्हणालीस, "जाऊ दे आत्या, तुला नाही समजणार." जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला.

बाकी इकडे सगळे ठीक. मार्केटात सोयाबीन आलंय, जीपवाले रस्ता अडवतात, मी बोलते, ते हसतात. दादाचा खोकला कमी आहे. तू चकल्यांचा डबा विसरलीस. आवडता डबा तू कधी विसरत नाहीस, म्हणून तुझ्या मैत्रिणीला, फरहीनला बोलावून विचारलं. बिचारी आधी चहाच ढवळत बसली.

"आत्या, तिच्यावर चिडू नका. तिनं जे अवघड धरलं होतं ना, ते कोनीतरी दोन पानांत सोडवून दाखवलं. त्यावरचं सारं काम बुडालं. आता सोडूनच देतो म्हनून राह्यली."

तर न समजणाऱ्या बाईला काय समजलं ते ऐक. उद्या क्वांटम संगणकांनी जुनी कुलपं उघडली, तरी गुपित राखता यावं, म्हणून कमीत कमी काय अवघड आहे असं मानावं लागेल, हे तू शोधतेस. ते अवघडच आहे, हे कोणी सिद्ध केलेलं नाही. तसं धरून चालायचं आणि त्यावर पुढचं रचायचं. बरोबर?

तुझा बाप बैलांची दलाली करायचा, तेव्हा घेणारा नि विकणारा हातांवर दस्ती टाकून त्या रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे. भोवती गर्दी, पण आकडा दोघांनाच ठाऊक. वरून बोटं ओळखता येत नाहीत, असं सगळे धरून चालायचे. मग गर्दीतला एक जण, दौलतसिंग, नुसत्या मनगटाकडे पाहून भाव सांगायला लागला. बाजार बंद पडला का? दादाने दस्ती खिशात घातली आणि घोंगडी आणली.

तू तेव्हा एवढीशी, त्याच्या खांद्यावर. विचारलंस, "बाबा, घोंगडीतूनबी कोनाले समजलं तं?"

"मंग दुसरं काही पांघरू. सौदा थोडीच सोडतो."

तुझा विषय तिथेच सुरू झाला, असं मी आपली समजते. दोन पानांत मोडलं, म्हणजे ती दस्ती होती. घोंगडी शोध. नाही सापडली आणि सोडावंसंच वाटलं, तर सोड. पण इथे येऊन, माझ्यासमोर बसून सोड.

राग "समजणार नाही" याचा नाहीच मुळी. मीही एक धरून चालले होते, की तुझं काही मोडलं तर तू आधी माझ्याकडे येशील. तुझी आई गेली तेव्हापासून मी त्यावरच सगळं रचलं. तपासून कधी पाहिलं नाही. तू बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलीस. तुझे खांदे मला खालून दिसत होते गं.

काय मोडलं, ते मला समजेल असं लिही. नाही समजलं तर पुन्हा लिही. फोन चालणार नाही, फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस. शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या हातचं पत्र माझ्या हातात हवं. नसलं, तर रविवारी चकल्यांचा डबा घेऊन मी बंगळुरूच्या गाडीत बसते.

अजून तेच धरून चाललेली,
तुझी भागिरथाआत्या