तू कठड्यापाशी का आली नाहीस

आई, चर्चमध्ये तू प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, एकदाही पुढे का आली नाहीस? तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. पप्पा म्हणतात, तुझं दृढीकरणच झालं नव्हतं, बिशपनं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय कशी येणार? ते का झालं नाही, असं विचारलं की म्हणतात, "हट्टी होती तुझी आई," आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.

दर शनिवारी तू वेदीवरची वस्त्रं उशीच्या अभ्र्यात घालून काळेवाडीतल्या आपल्या खोलीवर आणायचीस. आठवडाभर घरी मजुरीवर रबराच्या रिंगांच्या कडा कापून तुझी बोटं काळी झालेली असायची, म्हणून आधी लिंबाची साल चोळून हात स्वच्छ करायचीस आणि मगच अभ्रा उघडायचीस. प्याला पुसायच्या रुमालावर द्राक्षारसाचे डाग असायचे. ते रुमाल पहिल्या पाण्यात साबण न लावता बुचकळायचे आणि ते पाणी दाराजवळच्या जास्वंदीच्या मुळाशी ओतायचं, मोरीत नाही. एकदा मी मदत करायची म्हणून घमेलं उचललं आणि सरळ मोरीत रिकामं केलं. तू मला कधी मारत नव्हतीस. त्या दिवशी माझं मनगट असं धरलंस की वळ उठला. "प्रभूचं रक्त होतं गं त्यात," म्हणालीस. "गटारात सोडलंस तू." मग बराच वेळ मोरीच्या जाळीकडे बघत उकिडवी बसून राहिलीस. ज्या प्याल्याच्या थेंबासाठी तू एवढा जीव टाकायचीस, तो तुझ्या ओठाला कधी लागला नाही.

मी तेरा वर्षांची असताना माझं दृढीकरण झालं. पांढरा फ्रॉक तूच शिवला होतास. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला आणि मी पहिल्यांदा वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षारस घेतला. मागे वळून पाहते तर बाक जवळजवळ रिकामे, फक्त तू आणि तान्ही बाळं घेतलेल्या दोन बायका. सिक्स सीटर रिक्षातून घरी येताना मी विचारलं, "तू का नाही आलीस?" माझी रिबीन नीट करत तू म्हणालीस, "माझं राहून गेलं." पुढच्याच वर्षी काविळीनं तू गेलीस. मधल्या काळात मी पुन्हा विचारलं नाही.

आता मी आपल्या घरातली पहिली पदवीधर आहे. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचे कागद सांभाळते. यंदा पाळकसाहेबांनी दृढीकरणाचा वर्ग माझ्याकडे दिला आणि मी तो, तुला हसू येईल, कंपनीतल्या ट्रेनिंगसारखा चालवायला घेतला. छापील टिपणं, हजेरी, शेवटी लेखी परीक्षा. कुणी नुसती मान डोलवून पुढे जाऊ नये, समजून जावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. वर्गात दहा शाळकरी मुलं आणि एक पन्नाशीच्या बाई. बाई जालन्याकडच्या, एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला. रविवारची शिफ्ट बदलून यायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पोराचं झालं, सुनंचं झालं. समदे पुढं जातात अन् मी मागं बसते, पर्सा राखत." मुलं हसली, त्याही हसल्या.

तिसऱ्या रविवारी मी सगळ्यांना उपासनेच्या पुस्तकातून विश्वासांगीकार वाचायला लावला, आपण देवाविषयी काय मानतो ते सांगणारा. प्रत्येकानं दोन-दोन ओळी. बाईंची पाळी आली. "चष्मा इसरले, म्याडम."

"आंटी, मागच्या वेळी पण चष्माच विसरला होता!" एक मुलगा म्हणाला. मी त्याला गप्प केलं आणि, आई, माझा चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला. "हा लावून बघा." त्यांनी लावला. पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. सगळा वर्ग वाट बघत होता. "न्हाई दिसत," म्हणाल्या आणि पदरानं काचा पुसून चष्मा मला परत दिला. पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत.

मला वाटलं, शिफ्ट बदलून मिळाली नसेल. आत्याला सहज सांगितलं, तर मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "तुझ्या आईचंही असंच काहीतरी झालेलं. लग्नानंतर तीन रविवार गेली वर्गाला. तेव्हाचे पाळक वाचायला लावायचे म्हणे. का तू पोटात होतीस म्हणून सोडलं, देव जाणे." मी हजेरीच्या वहीतून बाईंचा पत्ता काढला.

थेरगावला बाईंचं घर शोधत गेले. त्या दारात कांदे चिरत बसल्या होत्या. "कशाला आलाव उन्हात?" मी चाचरत माफी मागितली. त्यांनी विळी बाजूला सरकवली. "कँटीनमधी हजार माणसाचा सैपाक करतो आम्ही, कागद न बघता. मीठ कमीजास्त होत न्हाई. देवाला कागद लागतो का, म्याडम?" मग त्यांनी डोळे मिटले आणि सबंध विश्वासांगीकार म्हटला, कुठेही न अडखळता. "धा आज्ञा बी म्हणू? का आधी चहा ठेवू?"

तिथून तडक पाळकसाहेबांकडे गेले, भांडायच्या तयारीनं. हा नियम अन्यायाचा आहे, म्हटलं, लिहितावाचता न येणाऱ्यांना आपण दारातच अडवतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "नियम कुठंय, ताई? उमेदवाराला हे कळावं आणि म्हणता यावं, एवढंच आपण बघतो. वाचन न् परीक्षा तुमची. मुलं धास्तावलीत खरी, पण तुमचा उत्साह बघून मी बोललो नाही." रस्ताभर मनात ज्या माणसाशी भांडत आले होते, ती मीच निघाले.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. उपासनेच्या वेळी तू पुस्तक मांडीवर उघडून बसायचीस आणि सगळं पाठ म्हणायचीस. आठ-नऊ वर्षांची असताना मी हळूच भलतंच पान उलटून ठेवायचे, आणि तू त्यावरच्या ओळींवरून बोट फिरवत म्हणत राहायचीस. मला फार गंमत वाटायची. तुला ते कळत होतं का, माहीत नाही. तू असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि इथवर आल्यावर एवढा भाग मी गाळला असता. ते आता वहीतच राहील. लेखी परीक्षा मी रद्द केली. मागच्या रविवारी सगळ्यांना पुस्तकं मिटायला सांगितली आणि वर्ग त्या बाईंना दिला. त्या पुढे उभ्या राहून म्हणत होत्या, मुलं त्यांच्यामागून, आणि शेवटच्या बाकावरून मीही. बिशपसाहेबांकडे जायच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर घातलं आणि परवा ती मी स्वतः पोचवून आले.