लाडाच्या शिवीचा रकाना

कोल्हापूर, १९ मे

सकाळी दूध तापवलं, कुंड्यांना पाणी घातलं, दुपारी वीजबिल भरून आलो. बाकी दिवस रिकामा होता, म्हणून लिहायला बसलो.

ती. बनाअक्कास धाकट्या कृष्णातचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (आहेत तिथंच आहेत, असं तू म्हणणार. तरी विचारायची पद्धत आहे.) भाऊजींनाही नमस्कार. कागदावर लिहितो आहे, कारण फोनवर लिहिलेलं आमच्या घरी आता यंत्र वाचतं. त्याचीच हकिकत सांगायची आहे.

आकारामदादाचं उत्तरकार्य उरकून तू जयसिंगपूरला गेलीस, तेव्हा एक बोलायचं राहिलं. दादाकडं कोडोलीच्या जत्रेला मी गेलो नव्हतो. पित्त उठलं होतं. घरच्या ग्रुपवर तसं कळवलं, तर दादाने लिहिलं, "येऊ नगा. तुमच्यासारख्या मोठ्या माणसास्नी आमचा रस्सा कुठला रुचतोय? सुखी ऱ्हावा." (त्यावर तू अंगठा दाखवला होतास. त्याचाही अर्थ मला लागला नाही.) दुसऱ्या सकाळी दादा गेला. जत्रेचं जेवण चुकवणारा नातं तोडतो असं आपल्याकडं मानतात, ते तुला सांगायला नको. तो माझ्यावर चिडून गेला की चेष्टा करून, एवढंच मला कळेना, आणि कुणाला विचारायचा धीरही होईना.

लेकीच्या, प्रियदर्शनीच्या, कंपनीत सध्या असं काम चाललं आहे, की इंटरनेटवर लिहिलेलं वाक्य सरळ आहे की उपरोधाचं, हे संगणकाने ओळखायचं. तिला म्हटलं, इकडचे नमुने हवे असतील तर आपला ग्रुप घे. (मनात वेगळंच होतं.) तिला आनंद झाला. यंत्राला आपलं बोलणं नवीन असावं. दादाने तुझ्या यशराजला एकदा लिहिलं होतं, 'जेवायला ये, न्हायतर तंगडं मोडीन.' त्यावर यंत्राचा शेरा: सरळ विधान, धमकी. व्याह्यांनी बारशानंतर 'आपण आलात, फार आनंद झाला' असं लिहिलं, तो मात्र उपरोध. (हे बरोबर असावं. आपण आहेर विसरलो होतो.) तुझ्या 'शुभ सकाळ'लाही उपरोधच लावला, कारण ती भर दुपारी येते.

यंत्र चुकलं की माणसाने सुधारून द्यायचं असतं. मग मी संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचो आणि दादाची वाक्यं वाचून सांगायचो, ही चेष्टा, हा लाड, ही शिवी पण लाडाची. प्रियदर्शनी म्हणाली, बाबा, लाडाच्या शिवीला रकानाच नाही. तो करून घ्यावा लागला. एवढं शिकवल्यावर मी ते शेवटचं वाक्य घातलं. यंत्र म्हणालं, उपरोध, दुखावणारा, आणि त्याची त्याला खात्री होती.

मी जेवलो नाही. लेकीने ओळखलं. मला न विचारता तिने धोंडुबाईवहिनींना फोन लावून सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या,

"यंत्राला म्हणावं, हे लिवताना माणूस चुलीम्होरं उभा हुता. म्हणला, कृष्ण्याचा पांढरा रस्सा येगळा काढ, त्येला पित्त हाय, उद्याच्या यष्टीनं डबा धाडू. चार भाकऱ्या बी काढून ठेवायला लावल्या. त्या भाकऱ्या बी टोमणाच व्हय?"

अक्का, किती दिवसांनी मला भूक लागली. घरात वरण-भातच होता. दोनदा वाढून घेतला. प्रियदर्शनीने त्या वाक्यापुढं 'लाड' असं भरलं. तेव्हापासून यंत्र प्रत्येक अपमानाला लाड म्हणू लागलं आहे. तिच्या साहेबांनी तिला त्याबद्दल कडक शब्दांत लिहिलं. यंत्राच्या मते साहेबही लाडच करत आहेत.

तुझा,
कृष्णात

ता.क. – पत्राचं खरं कारण राहिलंच. दादा गेल्यापासून सगळे माझ्याशी फार नीट बोलतात. जपा म्हणतात, जेवत जा म्हणतात. त्याने उलट घाबरायला होतं. तू मोठी आहेस. चार ओळी वाईट लिहून पाठव.

ता.क. २ – वेळ नाही असं कळवू नकोस. जयसिंगपुरात तुला किती काम असतं ते मला माहीत आहे. आता पाकीट चिकटवतो आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन येतो. वाटेत इस्त्रीचे कपडेही घ्यायचे आहेत.